स्टिअरिंग न फिरवता वळण

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून रेल्वेने वेब्रिजला गेलं, की ब्रुकलँड्स तिथून जवळच आहे. वळणांना कल देऊन खास मोटारींसाठी बांधलेला हा जगातला पहिला ट्रॅक. तो 1907 साली खुला झाला. त्या वेळी इंग्लंडच्या रस्त्यांवर ताशी 20 मैलांची मर्यादा होती. मग जोरकस मोटारी पळवून बघायच्या कुठे? ह्यू लॉक किंग या जमीनदाराने स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने पावणेतीन मैलांचा ट्रॅक बांधून घेतला. शंभर फूट रुंद आणि वळणांवर जवळजवळ 30 फूट उंच! 1939 नंतर इथे शर्यती झाल्या नाहीत. युद्धात विमानांच्या कारखान्यांनी जागा व्यापली. आज ट्रॅकचे तुकडे उरले आहेत, पण त्यांवर पायी चढता येतं.

चढून बघाच. खालच्या कडेला आपण आरामात चालतो. वर जावं तसा चढ अंगावर येतो, कारण उतार सगळीकडे सारखा नाही. खरी गंमत त्यातच आहे.

वळणाऱ्या गाडीला सतत वळणाच्या मध्याकडे ढकलणारं बल लागतं. सपाट रस्त्यावर ते टायरचं घर्षण पुरवतं. रस्ता आतल्या बाजूला कलता केला, की गाडीला खालून मिळणारा आधारही आत झुकतो आणि तेच काम करतो. किती कल हवा, हे वेग आणि वळणाची त्रिज्या ठरवतात. गाडीच्या वजनाचा संबंध नाही. त्रिज्या 300 मीटर धरून हिशेब केला, तर ताशी 100 किलोमीटरला साधारण 15 अंश पुरतात, 140 ला 27 लागतात आणि 200 ला थेट 46.

म्हणजे एकच कल ठेवला, तर तो एकाच वेगाला सोयीचा. ट्रॅकचा आराखडा करणारे कर्नल होल्डन यांनी म्हणून उतार वर वर वाढवत नेला. संथ गाडीने खालून जावं, वेगवान गाडीने वरून. ट्रॅकच्या मध्यावर एक तुटक काळी रेघ होती. योग्य वेगाने तिच्यावरून गेलं, तर स्टिअरिंग न फिरवताही वळण पार होईल, असा हिशेब होता. जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’मध्ये मोटरसायकल उभ्या भिंतीवर घर्षणाने तगते. इथे त्या एका वेगाला घर्षणाची गरजच नव्हती.

हे झालं कागदावर. एवढ्या उतारावर डांबरी थर देणं अवघड, म्हणून काँक्रीट ओतलं गेलं. पुढे ते कुठे कमी, कुठे जास्त खचलं. वे नदीवरच्या पुलापाशी तर असा उंचवटा झाला, की वेगवान गाड्या चक्क हवेत उडत. चाकं अधांतरी असली की ना घर्षण ना कल. तेवढा वेळ गाडी वळूच शकत नाही, नाकासमोर जाते.

1935 साली जॉन कॉब यांनी याच ट्रॅकवर ताशी 143.44 मैल, म्हणजे सुमारे 231 किलोमीटर सरासरीने फेरी मारली. तो विक्रम ट्रॅक बंद होईपर्यंत कुणी मोडला नाही. ट्रॅकचा कल एवढ्या वेगासाठी आखलेलाच नव्हता. उरलेला भार टायरवर. त्यांची ती गाडी, नेपिअर-रेल्टन, इथल्या संग्रहालयात बघायला मिळते. 24 लिटरचं विमानाचं इंजिन, आणि ब्रेक फक्त मागच्या चाकांना.