शिष्ट : गौरवाच्या शब्दाची तक्रार कशी झाली

लग्नघरात कुणाशी ओळख करून दिली, त्या व्यक्तीने नुसती मान हलवली, दोन शब्दही न बोलता ती आपल्या जागी जाऊन बसली, की तिच्या पाठीमागे हमखास एक वाक्य उमटते : ‘फारच शिष्ट आहे हो!’ बोलणाऱ्याची तक्रार नेमकी असते. ती व्यक्ती भांडलेली नाही, तिने कुणाचा अपमान केलेला नाही, तिच्या तोंडून वावगा शब्दही गेलेला नाही. पण ती स्वतःला इतरांपेक्षा वरची समजते आणि म्हणून मिसळत नाही, असे बोलणाऱ्याला वाटले आहे. हाच शब्द हिंदी किंवा बंगाली माणसाने उच्चारला, तर तो त्या व्यक्तीच्या सभ्य वागणुकीची स्तुती करत असतो. मराठीत मात्र कुणाला ‘शिष्ट’ म्हणणे ही तक्रार आहे आणि ‘अशिष्ट’ म्हणणे हीसुद्धा तक्रारच आहे. एक शब्द आणि त्याचा नकार हे दोन्ही दूषणे होऊन बसावेत, हा प्रकार भाषेत वारंवार घडत नाही आणि म्हणूनच त्याची पार्श्वभूमी पाहण्यासारखी आहे.

संस्कृतात ‘शिष्ट’ हे रूप दोन वेगळ्या धातूंपासून तयार होते. ‘शिष्’ म्हणजे उरणे किंवा उरवणे, त्यापासून झालेल्या ‘शिष्ट’चा अर्थ ‘उरलेले’ असा आहे. अवशिष्ट, उच्छिष्ट, परिशिष्ट हे आपल्या रोजच्या ओळखीचे शब्द त्याच कुळातले. आपला ‘शिष्ट’ या कुळातला नाही. तो ‘शास्’ म्हणजे शिकवणे, वळण लावणे, आज्ञा करणे या धातूपासून आला आहे आणि शास्त्र, शासन, अनुशासन, शिष्य ही त्याची भावंडे आहेत. म्हणजे ज्याला शिकवले गेले आहे, ज्याला वळण लागले आहे, तो शिष्ट. शिष्य आणि शिष्ट यांच्यात फरक आहे तो एवढाच, की शिष्याला अजून शिकवायचे आहे आणि शिष्टाचे शिकवणे पुरे झाले आहे. ‘शिकलेला’ या साध्या अर्थात कुठेही तोरा नाही.

या शब्दाला सर्वांत भारदस्त जागा मिळाली ती व्याकरणात. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील पतंजलीने ‘महाभाष्या’त पाणिनीच्या ‘पृषोदरादीनि यथोपदिष्टम्’ या सूत्रावर लिहिताना शिष्ट म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न सरळ विचारला. सूत्राचा आशय असा, की काही शब्द नियमांत बसत नाहीत, ते शिष्टांनी जसे उच्चारले तसेच घ्यावेत. मग शिष्ट ओळखायचे कसे? व्याकरण जाणतात ते शिष्ट, असे म्हटले तर चक्र तयार होते. कारण व्याकरण शिष्टांच्या बोलण्यावर उभे आणि शिष्ट व्याकरणावरून ठरायचे. पतंजलीने हे चक्र निवास आणि आचार या दोन कसोट्यांनी तोडले. आर्यावर्तात राहणारे, मडकेभर धान्यापलीकडे साठा न करणारे, निर्लोभी, कोणताही दिसणारा स्वार्थ नसताना नीट वागणारे आणि एखाद्या विद्येत पारंगत झालेले ब्राह्मण, ते शिष्ट. अष्टाध्यायी, म्हणजे पाणिनीचा सूत्रबद्ध व्याकरणग्रंथ, न शिकताही यांच्या तोंडी शुद्ध रूपे येतात, असे पाहून शिकणाऱ्याने त्यांना ओळखावे, हाच अष्टाध्यायीचा उपयोग, असेही तो पुढे म्हणतो.

मला या चर्चेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही वाटते, की पतंजलीचा शिष्ट त्याच्या बोलण्यावरून ओळखला जातो. ज्याचे बोलणे ऐकून भाषा शिकावी, तो शिष्ट. आपल्या बोलीतला शिष्ट त्याच्या न बोलण्यावरून ओळखला जातो.

पतंजलीच्या व्याख्येतल्या आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. त्या व्याख्येला कुंपण आहे आणि ते जातीचे आहे तसेच भूगोलाचेही आहे. त्याच्या आर्यावर्ताची दक्षिण सीमा पारियात्र पर्वत, म्हणजे विंध्याचा पश्चिम भाग आहे. ज्या प्रदेशात पुढे मराठी बोलली गेली, तो या सीमेच्या बाहेर पडतो. कुंपणाबाहेरच्या लोकांच्या भाषेत हा शब्द पुढे जाऊन बसला, हे ध्यानात ठेवले तर त्याच्या अर्थाचे पुढे काय झाले, ते समजायला मदत होते.

धर्मशास्त्रातही शिष्टांना असेच प्रमाण मानले गेले. बौधायन धर्मसूत्रात वेद आणि स्मृती यांच्यानंतर धर्माचा तिसरा आधार म्हणून शिष्टांचा आचार सांगितला आहे आणि लगेच शिष्टांची व्याख्या दिली आहे : ‘शिष्टाः खलु विगतमत्सरा निरहंकाराः कुम्भीधान्या अलोलुपा दम्भदर्पलोभमोहक्रोधविवर्जिताः’. मत्सर गेलेले, अहंकार नसलेले, दंभ आणि दर्प यांपासून मुक्त असलेले ते शिष्ट. आज मराठी माणूस ज्या दोषासाठी एखाद्याला शिष्ट म्हणतो, तो दोष नसणे ही बौधायनाच्या दृष्टीने शिष्ट असण्याची पहिली अट होती. शब्द एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेल्याचे इतके स्वच्छ उदाहरण शोधूनही सहज सापडणार नाही.

मराठीने जुना अर्थ टाकून दिला, असे मात्र समजू नये. तो अर्थ तिने वेगळ्या कप्प्यात ठेवला आणि कप्पे ठरवले ते प्रत्ययांनी. ‘शिष्टता’ म्हटले, की संस्कृत ‘-ता’ प्रत्ययाबरोबर संस्कृत अर्थही येतो आणि शब्द सभ्य वागणुकीकडे बोट दाखवतो. ‘शिष्टाचार’ आणि ‘शिष्टसंमत’ हेही याच बाजूचे. त्याला घरगुती ‘-पणा’ लावून ‘शिष्टपणा’ केला, की अर्थ पार बदलतो. ‘शिष्टपणा करू नकोस’ हे वाक्य कुणी शिष्टाचार सोडून दे अशा अर्थाने वापरत नाही. आई आपल्या मुलाला ते म्हणते, तेव्हा तिला म्हणायचे असते, की पाहुण्यांशी दोन शब्द बोल, आत जाऊन बसू नकोस. जिथे शब्द पोथीतल्या प्रत्ययाबरोबर राहिला तिथे मान टिकला आणि जिथे तो स्वयंपाकघरात आणि ओसरीवर आला तिथे तक्रार झाला.

तिसरा कप्पा सर्वांत मराठी आहे आणि मला सर्वांत प्रिय आहे. ‘चतुराई’, ‘दांडगाई’ यांतला ‘-आई’ प्रत्यय लागून ‘शिष्टाई’ तयार झाली, तिचा अर्थ मध्यस्थी. दोन पक्षांत वितुष्ट आले, की गावातल्या चार मान्य माणसांनी मध्ये पडून समेट घडवायचा, ही शिष्टाई. मराठी मनात तिचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे कृष्णशिष्टाई. महाभारताच्या उद्योगपर्वात श्रीकृष्ण युद्ध टाळावे म्हणून हस्तिनापूरला जातो, दुर्योधनाचे भोजनाचे आमंत्रण नाकारतो आणि विदुराकडे जेवतो. मराठी भक्तिपरंपरेने या जेवणाला विदुराघरच्या कण्या केले. शिष्टाई फळाला आली नाही, युद्ध झाले. पण शब्द राहिला आणि आजही दोन नेत्यांत किंवा दोन भावांत समेट झाला, की ‘अमुक यांची शिष्टाई सफल’ असे मथळे येतात. मागण्यांचे निवेदन घेऊन मंत्र्यांना भेटायला जाते ते ‘शिष्टमंडळ’, तेही याच बाजूचे. इतरांच्या वतीने पुढे होऊन बोलणारा तो शिष्ट, असा हा अर्थ आहे. एकाच भाषेत शिष्टाई करणारा माणूस सर्वांना हवासा असतो आणि शिष्टपणा करणारा कुणालाच नको असतो.

मग मूळ शब्दाला, प्रत्यय न लावता उभ्या असलेल्या ‘शिष्ट’ला, हा तोरा कशामुळे चिकटला? माझ्या मते याचे उत्तर त्या जुन्या कुंपणात आहे. शिष्ट हा शब्द नेहमीच एका लहान वर्तुळासाठी होता. आधुनिक मराठीत व्याकरणाची आणि शुद्धलेखनाची चर्चा सुरू झाली, तेव्हाही शिकलेल्या मोजक्या घरांत बोलली जाणारी ती ‘शिष्ट भाषा’ आणि बाकीच्या त्या बोली, अशी विभागणी केली गेली. ‘पाणी’ शिष्टसंमत ठरले आणि ‘पानी’ बाहेर राहिले. वर्तुळाच्या आतून पाहणाऱ्याला हा शब्द गुण सांगतो. बाहेर उभे राहून ज्याने आतल्यांचे मोजून-मापून बोलणे, अंतर राखणे आणि आपल्या उच्चाराला हसणे अनुभवले आहे, त्याला तोच शब्द त्या अंतराचे नाव वाटू लागतो. गावात शिकून परतलेल्याला ‘लई शाणा झालाय’ म्हणतात आणि शहरातल्या घरात ‘शिष्ट झालाय’ म्हणतात. दुखणे एकच आहे. ‘शहाणा’ शब्दाचेही तेच झाले, ‘फार शहाणा आहेस’ हे कौतुक म्हणून क्वचितच ऐकू येते.

असे याआधीही घडले आहे. सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखांत मिरवलेली ‘देवानांप्रिय’ ही उपाधी पुढच्या संस्कृत व्याकरणपरंपरेत चक्क ‘मूर्ख’ या अर्थाने नोंदली गेली. मान सांगणारा शब्द ज्यांना तो मान मान्य नाही त्यांच्या तोंडी गेला, की तो फिरतो.

अर्थ फिरला तरी ‘शिष्ट’ने आपली एक खूण सोडलेली नाही आणि तीच त्याला शेजारच्या शब्दांपासून वेगळा ठेवते. ‘तुसडा’ माणूस जवळ आलेल्याला टोचून दूर करतो. तूस म्हणजे धान्यावरचे टोचणारे फोलपट. ‘माणूसघाण्या’ला माणसेच नको असतात, मग ती कोणत्याही पायरीवरची असोत. ‘तिरसट’ पटकन चिडतो, ‘खडूस’ कठोर असतो. शिष्टावर यांतला एकही आरोप होत नाही. तो सभ्यच असतो, त्याला वळण असते. त्याने ते वळण आपल्यासमोर कुंपणासारखे उभे केले, एवढेच दुखते. म्हणून अडाणी, राकट माणूस कितीही अबोल असला तरी त्याला कुणी शिष्ट म्हणत नाही. शिकलेली, नीटनेटकी, बरे कपडे घातलेली व्यक्तीच शिष्ट ठरू शकते. ‘वळण लावलेला’ हा धात्वर्थ तिरस्कारातही असा शाबूत राहिला आहे.

वापरात हा शब्द स्त्रियांच्या वाट्याला अधिक येतो, हेही सांगायला हवे. नवी सून, वर्गातली हुशार मुलगी, कार्यालयात कामापुरते बोलणारी सहकारी यांना तो पटकन लागतो. तेवढाच अबोल असलेल्या पुरुषाला ‘गंभीर’ किंवा ‘मोजके बोलणारा’ म्हणून सोडून दिले जाते. भिडस्तपणा आणि शिष्टपणा बाहेरून अगदी सारखे दिसतात, त्यामुळे लाजाळू मुलींवर या शब्दाने बराच अन्याय केला आहे.

याचा पुरावा शब्दाच्या वापरातच आहे. ‘शिष्ट’ला ‘असणे’ जेवढे जोडले जाते तेवढेच ‘वाटणे’ही जोडले जाते आणि तेही बहुधा मागच्या काळातले. वसतिगृहात किंवा महाविद्यालयात दोन-तीन वर्षे एकत्र काढलेल्या मैत्रिणींच्या गप्पांत कधीतरी ते वाक्य येतेच : ‘पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तू मला इतकी शिष्ट वाटली होतीस!’ आणि बहुतेक वेळा समोरून उत्तर येते, ‘अगं, मलाही तू तशीच वाटली होतीस.’