कोंडी करतं तरी कोण?

२३० मीटर घेराचं एक वर्तुळ. त्यावर एकाच लेनमध्ये, एकमेकींच्या मागे २२ गाड्या. चालकांना सूचना एवढीच, की ताशी सुमारे ३० किलोमीटर वेग धरायचा आणि पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर ठेवायचं. वाटेत सिग्नल नाही, चौक नाही, खड्डा नाही, मध्येच घुसणारं कुणी नाही. जपानमध्ये युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग केला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केला. सुरुवातीला गाड्या समान अंतराने सुरळीत फिरत होत्या. मग अंतरांमध्ये बारीकसे फरक दिसू लागले, ते वाढत गेले आणि थोड्याच वेळात काही गाड्यांना चक्क थांबावं लागलं. थांबलेल्या गाड्यांचा तो पुंजका ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे मागे सरकत राहिला. पुढच्या टोकाची गाडी सुटायची आणि मागच्या टोकाला नवी येऊन अडकायची.

ही कोंडी कुणी केली? चालक बावीसच होते आणि सगळे नीट चालवत होते. पुढच्याने वेग किंचित कमी केला की मागच्याला ते कळायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे त्याला थोडा जास्त ब्रेक मारावा लागतो. त्याच्या मागच्याला आणखी थोडा जास्त. रस्ता मोकळा असेल तर हा धक्का दोन-चार गाड्यांमध्ये जिरून जातो. गाड्या दाटीने असतील तर तो मागे जाताना वाढतो. एकेका चालकाची कितीही बारकाईने तपासणी केली, तरी हे उत्तर हाती लागत नाही, कारण ते कुठल्याही एका चालकामध्ये नसतंच. ते असतं चालकांच्या एकमेकांवर अवलंबून असण्यात. शहरातल्या वाहतुकीचा अभ्यास संगणकशास्त्राकडे गेला, तो मला वाटतं याच कारणाने. असंख्य छोटे निर्णय एकमेकांत गुंतले, की त्यांचा एकत्रित परिणाम सूत्रातून काढणं फार अवघड होतं. अशा वेळी ते सगळे निर्णय संगणकात प्रत्यक्ष घडवून पाहणं, म्हणजेच सिम्युलेशन करणं, हा सगळ्यात सरळ मार्ग ठरतो.

वाहतुकीच्या सिम्युलेशनमधलं माझं सगळ्यात आवडतं मॉडेल १९९२ मधलं आहे, काय नागेल आणि मिखाएल श्रेकेनबर्ग या दोन जर्मन शास्त्रज्ञांचं. त्याचं मोठेपण त्याच्या साधेपणात आहे. रस्ता म्हणजे घरांची एक ओळ. प्रत्येक घर साडेसात मीटरचं, म्हणजे कोंडीत उभी असलेली गाडी जेवढी जागा अडवते तेवढं. एका घरात एकच गाडी. वेग म्हणजे एका सेकंदात किती घरं पुढे जायचं तो आकडा, शून्यापासून पाचापर्यंत. दर सेकंदाला प्रत्येक गाडी चार गोष्टी करते. वेग पाचापेक्षा कमी असेल तर एकने वाढवते. पुढे तेवढी रिकामी घरं नसतील तर वेग रिकाम्या घरांच्या संख्येइतका खाली आणते. मग, आणि हाच कळीचा नियम, एका ठरलेल्या शक्यतेनुसार कधीकधी विनाकारण वेग एकने कमी करते. शेवटी तेवढी घरं पुढे सरकते.

यासाठी संगणकही लागत नाही. चौकटीच्या कागदावर ६० घरांचं वर्तुळ आखा, ८ मणी ठेवा आणि एक फासा घ्या. प्रत्येक मण्यासाठी फासा टाकायचा, १ किंवा २ पडले तर त्या मण्याचा वेग एकने कमी. काही फेऱ्या खेळलात की बहुधा कुठेतरी दोन-तीन मणी एकमेकांना चिकटून उभे राहतील, आणि त्यांच्या मागचेही हळूहळू येऊन अडकतील. आता फासा बाजूला ठेवा आणि तेच आठ मणी पुन्हा खेळवा. थोड्याच वेळात सगळे पूर्ण वेगाने, एकमेकांना न अडवता फिरायला लागतात. गाड्या तेवढ्याच, रस्ता तोच. फरक फक्त त्या क्षणिक अडखळण्याचा. माणूस गाडी चालवताना जरासा रेंगाळतो, आरशात बघतो, गरजेपेक्षा थोडा जास्त ब्रेक दाबतो, हे सगळं एका फाशात सामावलं आहे. कोंडीचं नावसुद्धा या नियमांमध्ये कुठे नाही, तरी ती उगवते, मागे सरकते आणि विरते.

मणी आठाऐवजी तीस करा, मग मात्र फासा असो वा नसो, गर्दी अटळ आहे. म्हणजे एकाच मॉडेलमध्ये दोन प्रकारच्या कोंड्या आहेत. एक क्षमताच संपल्याची, दुसरी अस्थिरतेची. पहिलीला जागा लागेल किंवा गाड्या कमी कराव्या लागतील. दुसरीला मात्र चालवण्याची रीत बदलूनही औषध आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तशाच वर्तुळाच्या प्रयोगात वीसेक गाड्यांमध्ये एकच गाडी संगणकाच्या नियंत्रणाखाली ठेवली होती. ती पुढच्या गाडीच्या मागे न धावता संथ, एकसारखा वेग धरत होती. तेवढ्याने कोंडीची मागे सरकणारी लाट विरली आणि इंधनही वाचलं.

वर्तुळावरच्या चालकाला वाट निवडायची नसते. शहरात ती निवडावी लागते आणि तिथून प्रश्न आणखी गुंततो. संगणकासाठी शहर म्हणजे एक जाळं. चौक हे बिंदू, रस्ते या त्यांना जोडणाऱ्या रेषा, आणि प्रत्येक रेषेवर तिथे लागणारा वेळ लिहिलेला. दोन बिंदूंमधली सर्वांत कमी वेळाची वाट कशी शोधायची, याची रीत एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये मांडली. आजच्या नेव्हिगेशन अॅपमागच्या पद्धती तिच्यापेक्षा खूप वेगवान आहेत, पण पाया तिचाच. पेच वेगळाच आहे. रेषेवर लिहिलेला तो वेळ स्थिर नसतो. त्या वाटेने किती जण जातात त्यावर तो ठरतो, आणि किती जण जातील हे त्या वेळावर ठरतं.

या फिरत्या पेचातून एक विलक्षण निष्कर्ष निघतो. जर्मन गणिती डीट्रिश ब्रेस यांनी तो १९६८ मध्ये दाखवला. समजा ३००० गाड्यांना एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं आहे. वाटा दोन आहेत आणि प्रत्येक वाटेत एक अरुंद तुकडा आणि एक रुंद तुकडा आहे. एका वाटेवर अरुंद तुकडा आधी येतो, दुसरीवर नंतर. अरुंद तुकड्याला लागणारी मिनिटं म्हणजे त्यावरच्या गाड्यांची संख्या भागिले १००. रुंद तुकड्याला कितीही गाड्या आल्या तरी ३५ मिनिटं. गाड्या आपोआप निम्म्या-निम्म्या वाटल्या जातात. प्रत्येकीला १५ अधिक ३५, म्हणजे ५० मिनिटं लागतात.

आता पालिकेने मध्ये एक झकास जोडरस्ता बांधला, इतका जलद की त्याला वेळच लागत नाही असं धरू. पहिल्या वाटेचा अरुंद तुकडा संपला की जोडरस्त्याने थेट दुसऱ्या वाटेच्या अरुंद तुकड्यावर जाता येतं. ज्याला हे पहिल्यांदा सुचेल त्याचा प्रवास ५० वरून ३० मिनिटांवर येईल. मग सगळेच तसं करतील. दोन्ही अरुंद तुकड्यांवर ३००० गाड्या, म्हणजे ३० अधिक ३० मिनिटं. प्रत्येकाचा प्रवास ६० मिनिटांचा झाला! रस्ता वाढला आणि दहा मिनिटं गेली. बरं, एकट्याने शहाणपणा करून जुन्या वाटेवर परतावं, तर ३० अधिक ३५, म्हणजे ६५ मिनिटं. त्यामुळे कुणी परतत नाही. प्रत्येकाचा निर्णय बरोबर असतो आणि सगळे मिळून नुकसानीत असतात.

दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये चोंग्येचॉन नावाच्या ओढ्यावर बांधलेला उड्डाण महामार्ग २००३ मध्ये पाडायला घेतला आणि २००५ पर्यंत तो ओढा पुन्हा मोकळा केला. शहर ठप्प होईल अशी भीती होती, तसं झालं नाही. ब्रेस यांच्या सिद्धांताचा पुरावा म्हणून हे उदाहरण वारंवार दिलं जातं. मला ते जरा घाईचं वाटतं, कारण त्याच काळात, २००४ मध्ये, सोलने आपली बससेवाही मुळापासून बदलली होती. दोन्ही गोष्टींचा परिणाम एकमेकांत मिसळला आहे. पण असे परिणाम सुटे करून पाहण्यासाठीच तर सिम्युलेशन लागतं. प्रत्यक्ष शहरात महामार्ग पाडून पाहायचा आणि मग बस न बदलता पुन्हा एकदा पाडून पाहायचा, असं करता येत नाही.

जर्मन अवकाश संशोधन केंद्रात २००० मध्ये काम सुरू झालेलं ‘सुमो’ हे मुक्त सॉफ्टवेअर याच कामाचं. त्यात प्रत्येक गाडी, प्रत्येक लेन, प्रत्येक सिग्नल वेगळा चालतो. ‘मॅटसिम’ नावाच्या दुसऱ्या प्रकल्पाची चाल मला जास्त मोलाची वाटते. तिथे घटक गाडी नसून माणूस आहे. संगणकातल्या लाखो माणसांना दिवसाचं वेळापत्रक दिलेलं असतं, घरून केव्हा निघायचं, कुठे जायचं, कशाने जायचं. दिवस संपला की प्रत्येकाच्या दिवसाला गुण मिळतात. उशीर झाला, गर्दीत वेळ गेला, तर गुण कमी. मग काही जण वाट बदलतात, काही निघण्याची वेळ, काही गाडी सोडून बस धरतात, आणि तोच दिवस पुन्हा सुरू होतो. असे शेकडो दिवस फिरवल्यावर हळूहळू कुणालाच बदलून फारसा फायदा होईना अशी स्थिती येते. १९५२ मध्ये जॉन वॉर्ड्रॉप यांनी वाहतुकीच्या समतोलाची जी व्याख्या केली, ती जवळपास हीच.

पण संगणकातल्या त्या माणसांनी जायचं कुठे, हे सांगणार कोण? पूर्वी घरोघर जाऊन प्रश्नावली भरून घेत. आज फोन सांगतो. २००८ मध्ये गोंझालेझ, हिदाल्गो आणि बाराबाशी यांनी एक लाख निनावी फोनधारकांच्या हालचाली तपासल्या. माणसं दिशाहीन भटकत नाहीत, मोजक्या ठिकाणी पुन्हा पुन्हा परततात, असं त्यातून दिसलं. त्यानंतर दोन वर्षांनी बाराबाशींच्याच गटाने दाखवलं, की माणसाच्या हालचालींचा सुमारे ९३ टक्के भाग तत्त्वतः वर्तवता येण्याजोगा असतो. न्यूयॉर्कच्या १५ कोटी टॅक्सीफेऱ्यांवरचं २०१४ मधलं काम तर जाळ्याच्या विचाराचा सुंदर नमुना आहे. तिथे बिंदू म्हणजे फेरी. दोन फेऱ्या एकाच टॅक्सीत, कुणालाही फार उशीर न होता बसत असतील, तर त्यांच्यामध्ये रेषा. मग या जाळ्यात जास्तीत जास्त जोड्या जुळवायच्या, आणि त्यासाठीच्या रीती संगणकशास्त्राकडे आधीपासून तयार होत्या. प्रवाशांची थोडी गैरसोय मान्य केली, तर टॅक्सींचं एकूण धावणं ४० टक्के किंवा त्याहूनही जास्त घटू शकतं, असं उत्तर आलं.

असे आकडे वाचताना मी दोन गोष्टी आधी शोधतो. पहिली, मॉडेल कुठल्या माहितीवर तपासलं. ज्या सोमवारच्या नोंदींवरून मॉडेल जुळवलं, तोच सोमवार ते बिनचूक दाखवत असेल तर त्यात नवल नाही. न पाहिलेला मंगळवार त्याला दाखवता आला पाहिजे. फाशावर चालणारं मॉडेल एकदाच चालवून काढलेलं उत्तरही मी मानत नाही, ते अनेकदा चालवून उत्तरांचा पसारा किती आहे ते सांगायला हवं. दुसरी गोष्ट, माहितीत कोण नाही. ज्याच्याकडे फोन नाही तो नोंदीत नाही. फोन दोघांत एक असेल तर दोन माणसांची एक होते. फोन कोणत्या मोबाइल टॉवरजवळ होता एवढंच सांगणाऱ्या नोंदींना चार गल्ल्या पायी जाणारी मुलं आणि म्हातारी माणसं बहुतेक दिसतच नाहीत. त्या नोंदींवर आखलेलं शहर गाडीवाल्यांना सोयीचं झालं, तर तो अपघात नव्हे. जे मोजलं गेलं त्याचीच सोय झाली.

आणि जे मोजले जातात, त्यांचं काय? इव-अलेक्सांद्र द मोंजॉय आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या फोन-नोंदी तपासल्या. नाव, क्रमांक काहीही नाही, फक्त कोणत्या तासाला कोणत्या टॉवरजवळ. असे चारच क्षण माहीत असले, तरी ९५ टक्के लोकांचा माग सगळ्या गर्दीत एकमेव ठरत होता. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या टॅक्सीफेऱ्यांची एक मोठी नोंद माहिती अधिकारात बाहेर आली. टॅक्सींचे क्रमांक सांकेतिक रूपात झाकलेले होते, पण क्रमांकांचे संभाव्य प्रकार इतके मोजके होते, की सगळ्यांचे संकेत काढून उलटं जुळवणं सोपं गेलं. ज्या नियमितपणामुळे आपल्या हालचाली वर्तवता येतात, त्याच नियमितपणामुळे आपण ओळखूही येतो. त्यामुळे नाव पुसलं म्हणजे काम झालं, असं म्हणणाऱ्या कुठल्याही संस्थेवर विश्वास ठेवायला मी तयार नाही.

सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये यावर एक गणिती उपाय मांडला. नोंदी जशाच्या तशा द्यायच्याच नाहीत. या भागातून त्या भागात किती लोक गेले एवढीच बेरीज द्यायची, आणि तीही मुद्दाम थोडी इकडेतिकडे करून. ढवळण्याचं प्रमाण असं बेतायचं, की एखादी व्यक्ती नोंदीत असली काय नि नसली काय, बाहेरून पाहणाऱ्याला जवळजवळ फरक कळू नये. दहा हजार लोकांच्या वाटेवर पाच-दहाचा फेरफार कुणाला जाणवतही नाही. पण रात्रपाळी संपवून पहाटे तीनला शहराच्या कडेला परतणारे सात जण असतील, तर ते याच फेरफारात बुडून जातात, आणि त्यांच्यासाठी बस हवी हे मॉडेलला कधी कळतच नाही. गुप्तता आणि उपयोग यांच्यातला हा काटा कुठे ठेवायचा, हे गणित ठरवू शकत नाही. आज तो बहुतेक वेळा नोंदी गोळा करणारी कंपनी किंवा खातं परस्पर ठरवतं. फेरफाराचा तो आकडा नोंदी गोळा होण्याआधी जाहीर व्हायला हवा, आणि तो ठरवताना त्या पहाटेच्या सात जणांनाही विचारलं गेलं पाहिजे.