अंगणवाडीच्या ताटात आई कधी आली?

आदिवासी भागातल्या गरोदर बाईला अंगणवाडीत बसवून दुपारचं गरम जेवण द्यायचं, असं महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ठरवलं. डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना ती हीच. तोवर अंगणवाडी योजनेला चाळीस वर्षं होत आली होती.

अंगणवाडीचा उगम शिक्षणातला. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते डहाणूजवळच्या कोसबाडला नेलं. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ सोबत होत्या. वारल्यांची मुलं बालवाडीकडे फिरकत नव्हती, मग बालवाडीच पाड्यावर गेली. आधी आंघोळ, नखं, केस, अक्षरं नंतर.

सरकारी पोषण आहार मात्र वेगळ्या वाटेने आला. १९७० च्या सुमारास केंद्राने आदिवासी भाग आणि झोपडपट्ट्यांसाठी विशेष पोषण कार्यक्रम काढला. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ पडला. त्या काळच्या दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडा खाऊ, जुन्या माणसांना अजून आठवते. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजेच आजची अंगणवाडी योजना, सुरू झाली आणि शिक्षण, आहार, लसीकरण एका छताखाली आलं. अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटातलं धारणी त्या पहिल्या ३३ मध्ये होतं.

आणि याच मेळघाटातल्या बालमृत्यूंनी १९९३ साली राज्य हादरलं. त्याच्या आदल्या वर्षी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडच्या वावर-वांगणीतही मुलं दगावली होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, १९९५ मध्ये आदिवासी भागातल्या आरोग्य आणि पोषणासाठी नवसंजीवनी योजना आली. आपल्याकडे या क्षेत्रातली बहुतेक पावलं अशीच पडली आहेत: आधी मृत्यू, मग बातम्या, मग याचिका, मग शासन निर्णय. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अन्नहक्काचा खटला उभा राहिला. न्यायालयाने प्रत्येक वस्तीला अंगणवाडी आणि आहारातून कंत्राटदार बाहेर, असे आदेश टप्प्याटप्प्याने दिले. घरी न्यायच्या पाकिटांची कंत्राटं तरीही मोठ्या पुरवठादारांकडे जात राहिली. राज्याच्या त्या निविदा अखेर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातच रद्द झाल्या.

कागदावर गरोदर आणि स्तनदा माता १९७५ पासूनच लाभार्थी आहेत. पण आईला मिळायचा तो कोरडा शिधा किंवा पाकीट. पाकीट घरी गेलं की ते घराचं होतं. ज्या घरात बाई सगळ्यांच्या मागून जेवते, तिथे तिच्या नावाचा शिधा तिच्या पोटात किती जाणार? पाकिटातल्या चवीची तर गोष्टच नको. २००५ मध्ये सुरू झालेल्या राज्याच्या राजमाता जिजाऊ या कुपोषणविरोधी मिशनने पोटातल्या बाळापासून दोन वर्षांपर्यंतच्या काळावर भर दिला, तेव्हा आईचं वजन आणि रक्त हा विषय सरकारी बैठकांत नीट आला. अमृत आहाराने पुढचं पाऊल टाकलं: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, भाजी, अंडं, आणि तेही अंगणवाडीत बसून. गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे पहिले काही महिने. माझ्या मते हीच या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी दुरुस्ती. अर्थात चूल पेटवते ती सेविका आणि मदतनीस, आणि त्यांना पगार नाही, मानधन मिळतं. त्यासाठी डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ त्या संपावर होत्या. दिवाळीनंतर गाव सोडून वीटभट्टीवर कामाला गेलेल्या गरोदर बाईचं गावातलं ताट तर तसंच राहतं.

रोख मदतीची कहाणी उलट्या दिशेने गेली. २०१० मध्ये केंद्राने इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजना निवडक जिल्ह्यांत आणली. महाराष्ट्रात अमरावती आणि भंडारा. पहिल्या दोन बाळंतपणांना ४,००० रुपये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६,००० रुपयांचा हक्क लिहून दिला. प्रत्यक्षात २०१७ ची मातृवंदना योजना आली ती ५,००० रुपयांची आणि फक्त पहिल्या बाळासाठी. २०२२ पासून दुसऱ्या बाळालाही मदत मिळते, पण ती मुलगी असेल तरच. आईचं वय कमी असलं तर पैसे नाहीत. तिसऱ्या खेपेला, म्हणजे अंगातलं रक्त बहुधा सर्वांत कमी असतं तेव्हा, या योजनेतून तिला एक रुपयाही मिळत नाही.