थ्रॉटल सोडला की सुकाणूही सुटते

जेट बोट चालवायला शिकणाऱ्याचा पहिला अपघात बहुधा एकाच पद्धतीने होतो. समोर धक्का किंवा नांगरलेली दुसरी होडी येते, शिकाऊ माणूस घाबरून थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढतो, त्याच क्षणी चाक पूर्ण फिरवतो, आणि होडी वळण्याचे नाव न घेता सरळ जाऊन त्याच वस्तूवर आदळते. चाक निकामी झाले असावे असा त्याचा ठाम समज होतो. प्रत्यक्षात यंत्रणेत काहीही बिघडलेले नसते. मोटार चालवताना अंगात मुरलेली, धोका दिसताच वेग कमी करण्याची सवय या वाहनात नेमकी उलटलेली असते.

जेट बोटीला पाण्यात बुडालेला पंखा नसतो आणि सुकाणूचे पातेही नसते. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, इंजिनावर फिरणारा इम्पेलर, म्हणजे होडीच्या आतल्या पंपाचे पात्यांचे चक्र, त्याला जोर देतो, पुढच्या स्थिर पात्यांमुळे त्याची गिरकी मोडते आणि मागच्या अरुंद नोझलमधून ते वेगाने बाहेर फेकले जाते. चाक फिरवले की हे नोझल डावीकडे किंवा उजवीकडे झुकते. झोत डावीकडे गेला की होडीचा मागचा भाग उजवीकडे ढकलला जातो आणि तोंड डावीकडे वळते. म्हणजे वळवणारे बळ त्या झोतातूनच येते. झोत नसेल, तर चाक कितीही फिरवले तरी होडीला वळवणारे फारसे काही उरत नाही.

थोडा हिशेब केला की हे किती टोकाचे आहे ते दिसते. समजा, नोझलमधून दर सेकंदाला 100 किलो पाणी सेकंदाला 20 मीटर वेगाने बाहेर पडते आहे आणि नोझल 20 अंशांनी वळवले आहे. आडवे बळ सुमारे 680 न्यूटन भरते, म्हणजे जवळजवळ 70 किलो वजनाइतके. आता इंजिनाचे फेरे एक चतुर्थांशावर आणले, तर पाण्याची मात्रा आणि त्याचा वेग हे दोन्ही ढोबळमानाने चौथाईवर येतात, आणि बळ या दोन्हींच्या गुणाकारावर अवलंबून असल्यामुळे ते सोळाव्या हिश्शावर घसरते. उरते 4 किलोच्या आसपास. टनभर वजनाच्या, वेगात असलेल्या होडीला तेवढ्याने वळवणे अशक्यच म्हणायचे. चाक वळवून थ्रॉटल थोडा उघडणे हा येथे सुटकेचा मार्ग आहे, आणि तो घाबरलेल्या हाताला कधीही आपोआप सुचत नाही, हीच अडचण आहे.

अशी होडी बनवावीशी वाटण्याचे कारण न्यूझीलंडच्या भूगोलात आहे. दक्षिण बेटावरील कँटरबरी प्रांतात वायमाकारिरी, राकाया यांसारख्या नद्या गोट्यांच्या रुंद पात्रात अनेक प्रवाहांत फुटून, पुन्हा एकमेकींत मिसळत वाहतात. त्यांत नेहमीचा पंखा पहिल्याच उथळ पट्ट्यात तुटायचा. आयरिशमन क्रीक येथे मेंढीपालन करणारे बिल हॅमिल्टन यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला यावर काम सुरू केले. पाण्याचा झोत वापरण्याची कल्पना त्यांच्या आधीही होती, परंतु नोझल पाण्याखाली ठेवण्याऐवजी होडीच्या मागच्या फळीतून, पाण्याच्या पातळीच्या वर काढल्यावर तिला खरा वेग मिळाला. 1960 मध्ये त्यांच्या बोटींनी कोलोरॅडो नदीतून ग्रँड कॅन्यन प्रवाहाच्या उलट दिशेने पार केले. भारतीय वाचकांना अधिक जवळची वाटेल ती 1977 ची एडमंड हिलरी यांची मोहीम: गंगासागरापासून जेट बोटींनी गंगा चढत ते नंदप्रयागापर्यंत पोहोचले आणि तेथील धबधब्याने वाट अडवली.

उथळ पाण्यासाठीच घडवलेल्या या होडीत उथळ पाणी दिसताच शिकाऊ माणूस पुन्हा तीच चूक करतो. वेगात असताना होडी पाण्यावर चढून घसरत जाते, आणि हलकी नदीतली बोट जेमतेम 10 सेंटिमीटर पाण्यावरून पार होऊ शकते. समोर गोटे स्पष्ट दिसू लागले की नवख्याला वेग कमी करणे शहाणपणाचे वाटते. थ्रॉटल मागे येतो, होडी आपल्या वजनाने खाली बसते, तिला आता कितीतरी अधिक खोली लागते, आणि ती पट्ट्याच्या मधोमध खडीवर रुतते. उथळ जागा आधी ओळखून, खोल पाण्यातच वेग घेऊन, पट्टा संपेपर्यंत तो टिकवायचा, हा नियम अनुभवी चालक पाळतात. पुढे काय आहे हे दिसतच नसेल, तर त्या पट्ट्यात शिरायचेच नाही. हा निर्णय मात्र खोल पाण्यात असतानाच घ्यावा लागतो.

रुतल्यानंतरची घाई अधिक महागात पडते. सुटण्यासाठी जागच्या जागी इंजिन जोरात फिरवले, की जाळीखालची खडी आणि वाळू पाण्याबरोबर आत ओढली जाते. मोठा गोटा जाळीत अडकतो, लहान खडी आत शिरते, इम्पेलरच्या कडा झिजवते, आणि इम्पेलर व त्याभोवतीचे कडे यांच्यातील फट वाढली की पंपाचा जोर कायमचा उतरतो. अशा वेळी इंजिन बंद करून, पाण्यात उतरून होडी ढकलणे हाच स्वस्त उपाय आहे. शेवाळ किंवा पाणवनस्पती जाळीवर साचली तर लक्षण वेगळे असते: इंजिनाचा आवाज चढतो, फेरे वाढतात, वेग मात्र मंदावतो. पुष्कळांना वाटते की रिव्हर्स टाकला की अडकलेले पाणी उलटे वाहून जाळी मोकळी होईल. तसे होत नाही, कारण रिव्हर्समध्येही इम्पेलर त्याच दिशेने फिरत असतो आणि पाणी त्याच बाजूने आत येत असते. बदलते ते फक्त नोझलच्या पुढचे. झोतासमोर बकेट, म्हणजे वाडग्यासारखी झडप, खाली येते आणि त्याला पुढच्या दिशेने वळवते.

या बकेटच्याही गमती आहेत. अनेक जेट बोटींत खरा न्यूट्रल नसतो. बकेट अर्धी खाली असताना पुढचा आणि मागचा जोर एकमेकांना तोलून धरतात, त्यामुळे इंजिन चालू असलेली होडी धक्क्यापाशी सोडून दोर बांधायला वळले की ती हळूच सरकलेली असते. हॅमिल्टन पद्धतीच्या बकेटमध्ये झोत दोन बाजूंना विभागला जातो, आणि चाक डावीकडे वळवले की पुढे असो वा मागे, होडीचे तोंड डावीकडेच फिरते. मागे जाताना शेपूट साहजिकच उजवीकडे जाते. मोटार मागे घेताना याच्या नेमके उलट घडते, आणि धक्क्यावरच्या बहुतेक ओरखड्यांचे मूळ येथे असावे. वेगात असताना बकेट एकदम टाकणे तर टाळावेच: तोंड पाण्यात खुपसते आणि आतले प्रवासी पुढे फेकले जातात.

संथ वेगाचा त्रास तुलनेने किरकोळ. पाण्याखाली पाते नसल्यामुळे होडी डावी-उजवीकडे भरकटते, नवखा माणूस प्रत्येक वेळी चाक जास्त फिरवतो आणि नागमोडी वाढते. दूरवरच्या एका खुणेवर नजर ठेवून, चाक थोडेच हलवत राहिले की ती आटोक्यात येते.

आपल्याकडे तारकर्लीला किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर मिळणारी जेट स्की याच तत्त्वावर चालते, आणि थ्रॉटल सोडून हँडल वळवण्याची चूक तेथेही तशीच होते. काही नव्या यंत्रांत थ्रॉटल सुटल्यावरही वळण्यापुरता जोर ठेवण्याची सोय असते, परंतु भाड्याच्या यंत्रात ती असेलच असे गृहीत धरू नये. त्यापेक्षा खोल, मोकळ्या पाण्यात एखादा तरंगता डबा सोडावा, त्याच्या दिशेने जाऊन थ्रॉटल पूर्ण सोडावा आणि यंत्र किती अंतर सरळ जाते ते पाहावे. मग त्याच वेगाने येऊन थ्रॉटल उघडा ठेवून वळावे. हाच प्रयोग मागे आणखी एक जण बसवून पुन्हा करावा, कारण वाढलेल्या वजनाबरोबर वळणाचा अंदाजही बदलतो.