स्फुरद-जस्ताचा ‘विरोध’: एका शब्दाची पार्श्वभूमी

ज्या अन्नद्रव्याची तूट सर्वांत मोठी तेच वाढ अडवते, हा नियम १८२८ मध्ये मांडला गेला आणि पुढे कमीजास्त उंचीच्या फळ्यांच्या पिंपाच्या चित्रामुळे (पाणी सर्वांत आखूड फळीपर्यंतच टिकते) सगळ्यांच्या डोक्यात बसला. त्या पिंपात एक फळी दुसरीला ढकलत नाही. मुळाशी मात्र ढकलाढकली चालते. पालाशचा (पोटॅशियमचा) मारा झाला की मॅग्नेशियम कमी उचलले जाते, जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधली जागा पिवळी पडते. उलट मॅग्नेशियम जास्त झाल्याने पालाशची तूट क्वचितच ओढवते. १९५० च्या दशकातल्या गोल तक्त्यांत असे संबंध बाणांनी दाखवले. बाण सगळे सारख्याच जाडीचे, ही त्यांची खोड.

सर्वांत जास्त गोंधळ स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्ताच्या (झिंकच्या) बाणाने घातला. जस्ताची गरज १९२६ मध्ये सिद्ध झाली. पुढे भरपूर स्फुरद दिलेल्या पिकांत जस्ताच्या कमतरतेची लक्षणे दिसली आणि ‘विरोध’ हा शब्द रूढ झाला. दोघांचे जमिनीत न विरघळणारे झिंक फॉस्फेट होते, हे सोपे स्पष्टीकरण अजून ऐकू येते. पण ते संयुग इतके अविद्राव्य नाही. झाडे त्यातूनही जस्त घेतात.

मग ‘विरोध’ म्हणजे नेमके काय? कधी तो निव्वळ हिशेबाचा खेळ असतो. समजा, १ ग्रॅम पानांत ४० मायक्रोग्रॅम जस्त होते. स्फुरद दिल्यावर पाने २ ग्रॅम झाली, जस्त ६०. झाडाने जस्त जास्तच घेतले, तरी अहवालात दर ग्रॅमला ४० चे ३० झाले! कधी भरपूर स्फुरदामुळे मुळांवरची उपयुक्त बुरशी घटते आणि तिच्यामार्फत येणारे जस्तही.

१९८० च्या दशकात तर बाणच उलटा फिरला. जस्ताला मुकलेले झाड स्फुरद आवरू शकत नाही. स्फुरद पानांत साचते, पाने करपतात, आणि ते करपणे जस्ताच्या कमतरतेच्या खाती मांडले जाते. यातले बरेच प्रयोग मातीऐवजी पोषक द्रावणात झाले होते, जिथे स्फुरद मातीतल्या पाण्यात असते त्याच्या शेकडो पट असते. हा मुद्दा तेव्हाच ठळकपणे सांगायला हवा होता.

त्याच दशकाच्या उत्तरार्धात पानातले पाण्यात विरघळणारे जस्त वेगळे मोजले गेले. स्फुरद साचलेल्या पानांत एकूण जस्त पुरेसे, पण विरघळणारे घटलेले. म्हणजे विरोध होता, पण मातीत नव्हे, तर पानात. नेहमीच्या पान-तपासणीत आकडा मात्र एकूण जस्ताचाच येतो.