सिव्हिल वॉरच्या कार्बाइनला आज एवढा भाव का?

अमेरिकेत सिव्हिल वॉरमधल्या (1861 ते 65, उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध) घोडदळाच्या आखूड बंदुका, म्हणजे कार्बाइन, जमवणारे भरपूर आहेत. बाहेरच्याला वाटतं जिने जास्त लढाया बघितल्या ती महाग. पण भाव बराचसा ठरतो तो 1865 नंतर त्या बंदुकीचं काय झालं त्यावर.

थोडं मागे जाऊ. ठासणीची लांब बंदूक घोड्यावर बसून भरायची म्हणजे कसरतच, लगाम सांभाळा, दारू ओता, वरून गज घाला, म्हणून युद्धात उत्तरेच्या सरकारने मागून भरायच्या आखूड कार्बाइन मिळतील तिथून उचलल्या. शार्प्स, स्मिथ, गॅलेगर, आणि नुसत्या बर्नसाइडच साधारण 55 हजार. बऱ्याच जणींचं काडतूस वेगळं, म्हणजे पुरवठा बघणाऱ्यांचे काय हाल झाले असतील बघा.

यात स्पेन्सर सगळ्यांच्या पुढे. पेटंट 1860 चं. दस्त्यातल्या नळीत सात काडतुसं, खालचा लिव्हर ओढला की रिकामं बाहेर आणि नवं आत, फक्त बंदुकीचा घोडा (हॅमर) दर वेळी अंगठ्याने मागे ओढायचा. ऑगस्ट 1863 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकनने स्वतः झाडून बघितली. कार्बाइन मात्र पलटणींकडे यायला लागल्या त्या ऑक्टोबरपासून, त्यामुळे जुलैत गेटिसबर्गच्या लढाईत उत्तरेचा सेनानी ब्युफर्डच्या स्वारांकडे हीच होती असं कोणी विकताना सांगितलं तर ऐकून घ्यायचं आणि पुढे जायचं.

युद्ध संपलं आणि सरकारने जवानांना हत्यार घरी न्यायची मुभा दिली, पगारातून कापून: स्पेन्सर 10 डॉलर, इतर कार्बाइन 8, तलवार 3. हा माल शेतावर गेला, कोणी नळी कापली, कोणी दस्ता बदलला, पोरांनी सशांवर चालवल्या. कोठारात उरलेल्यांपैकी साधारण 31 हजार शार्प्स कापडी काडतुसावरून धातूच्या काडतुसावर बदलून घेतल्या, म्हणून न बदललेली मूळ शार्प्स आज जास्त मागणीत. उरलंसुरलं लिलावात. तिथे ब्रुकलिनचा व्यापारी फ्रान्सिस बॅनरमन टपलेलाच होता. त्याच्याकडे माल इतका साठला की 1900 मध्ये हडसन नदीतलं एक अख्खं बेट घेतलं, वर किल्ल्यासारखं गोदाम बांधलं, आणि जाड कॅटलॉग काढून पोस्टाने विकत राहिला. माझ्या मते या छंदाचा पाया या भंगाराच्या धंद्यानेच घातला, कारण साध्या पगारदाराला जुनी लष्करी बंदूक परवडायला लागली ती तिथून.

पुढे भाव चढले तशी बनावट आली. सगळ्यात जास्त 1873 च्या स्प्रिंगफील्ड कार्बाइनमध्ये, 1876 ला लिटल बिगहॉर्नच्या लढाईत घोडदळाचा अधिकारी कस्टरच्या लोकांकडे हीच होती ना! रायफली ढिगाने मिळायच्या, मग 32 इंचांहून लांब नळी कापून 22 इंच करायची की झाली कार्बाइन. पकडायचं कसं, तर दस्त्याचं पुढचं टोक उलटं करून बघायचं. रायफलीला तिथे गजासाठी खाच असते, कार्बाइनला नसते, आणि बुजवलेल्या खाचेतलं लाकूड कितीही पॉलिश करा, रेषा जुळत नाहीत. सीरियल नंबर साधारण 43,700 च्या आतला, म्हणजे बंदूक त्या लढाईआधी बनलेली, असेल तरच कस्टरचं नाव घेण्यात अर्थ आहे, तोही नळी मूळची असेल तर.