प्लास्टिक चुलीवर शिजवा, वैलावर राखा
घरी मऊ लूर, म्हणजे मासे धरण्याची प्लास्टिकची आमिषे, ओतणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून प्लास्टिसोल, म्हणजे लूर ओतण्याचे द्रव प्लास्टिक, नेणाऱ्या ग्राहकांच्या बहुतेक तक्रारी एकाच वळणाच्या असतात. पहिले दोन-तीन लूर झकास निघतात, चौथ्याच्या शेपटीला टोक येत नाही, पाचव्याच्या पाठीवर सुरकुती पडते आणि म्हणून कप पुन्हा मायक्रोवेव्हमध्ये जातो. असे चार-पाच वेळा झाले की पारदर्शक म्हणून घेतलेला घाणा शेवटी चहाच्या रंगाचा होतो, आणि मालच खराब होता असे समजून ग्राहक डबा घेऊन दुकानात येतात. कधी माल खरोखरच खराब निघतो, तेव्हा तो आम्ही बदलून देतो. बहुतेक वेळा मात्र दोष मालातही नसतो आणि पहिल्या तापवण्यातही नसतो. तापलेले प्लास्टिक ओतून संपेपर्यंत गरम राखण्याची सोयच केलेली नसते.

जुन्या स्वयंपाकघरात चुलीच्या शेजारी वैल असे. आमटी चुलीवर शिजे आणि शेवटची पंगत उठेपर्यंत वैलावर गरम राही. वैलावर कोणी आमटी शिजवायला ठेवत नसे आणि दर वाढणीला ती पुन्हा चुलीवरही चढवत नसे. लूर ओतताना याच दोन जागा वेगळ्या ठेवाव्यात, एवढे सांगण्यासाठी हे पत्रक छापले आहे.

कपात काय घडते

प्लास्टिसोल म्हणजे पीव्हीसीची अतिशय बारीक पूड आणि तिला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य, म्हणजे प्लास्टिसायझर, यांचे मिश्रण. थंड असताना ते दुधासारखे पांढरे आणि पातळ दिसते, आणि बरेच दिवस न हलवता ठेवले तर पूड तळाशी बसते. म्हणून वापरण्यापूर्वी डबा नीट हलवावा, एरवी वरचा माल फार मऊ आणि तळाचा फार कडक होतो. तापवू लागल्यावर पुडीचे कण ते तेल शोषून फुगतात आणि साधारण १०० अंश सेल्सिअसच्या पुढे मिश्रण खरवसासारखे घट्ट होते. नवखा माणूस इथेच घाबरतो, पण ही घडीची अवस्था असते. तापमान आणखी वाढले की तेच घट्ट मिश्रण पुन्हा पातळ होऊ लागते, आणि १७५ अंशांच्या सुमारास ते एकजीव, चकचकीत आणि रंग घातलेला नसेल तर जवळजवळ पारदर्शक होते. रंग घातलेल्या मालात पारदर्शकता दिसत नाही, तिथे चमच्यावरून पडणारी धार पाहावी. ती मधासारखी अखंड पडली पाहिजे, गुठळ्यांनी तुटता कामा नये.

ओतण्यासाठी १६५ ते १७५ अंश हा पट्टा उत्तम. १५० अंशांच्या खाली माल दाटतो आणि शॅडच्या, म्हणजे माशाच्या आकाराच्या लुराच्या, अरुंद शेपटीपर्यंत पोहोचण्याआधीच साच्याच्या गळ्यात अडतो. वरच्या बाजूला १९० अंशांनंतर धोका सुरू होतो आणि २०० अंशांच्या पुढे माल करपतो. म्हणजे १६५ पासून १९० पर्यंत काम करायला मिळणारी जागा जेमतेम २५ अंशांची असते, आणि एवढ्याशा जागेत अर्धा तास टिकून राहणे मायक्रोवेव्हला जमणारे नाही. ते झपाट्याने तापवते, शिवाय सगळीकडे सारखे तापवत नाही.

करपणे म्हणजे काय, हेही सांगायला हवे. फार तापल्यावर पीव्हीसीच्या रेणूंमधून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटू लागतो. हा वायू नाकाला आणि डोळ्यांना झोंबतो, ओलाव्याशी मिळून आम्ल होतो, आणि मालातच राहिला तर आणखी विघटन घडवतो. पिवळा, मग तपकिरी रंग हा त्याच विघटनाचा. ते लांबवण्यासाठी मालात उष्णता-स्थिरक घातलेले असते. ही त्या मालाची शिदोरी समजावी. प्रत्येक वेळी तापवताना ती थोडी खर्च होते, आणि एकदा संपली की ज्या तापमानाला काल काही झाले नव्हते त्याच तापमानाला आज माल पिवळा पडतो. पाच वेळा थंड होऊ देऊन पाच वेळा वर चढवलेल्या कपाला भिंतीलगत दर वेळी १९०-२०० अंशांचा चटका बसलेला असतो, आणि १६८ अंशांवर शांतपणे राखलेल्या कपाला तो एकदाही बसत नाही. दोन्ही कप अर्ध्या तासाने शेजारी ठेवले तर फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

चूल

पहिले तापवणे मायक्रोवेव्हमध्ये करण्यास आमची हरकत नाही, फक्त तो मायक्रोवेव्ह पुन्हा कधीही खाण्याच्या पदार्थांसाठी वापरू नये. अर्धा लिटर मावेल अशा बोरोसिलिकेट काचेच्या दांड्याच्या कपात २५० मिलिलिटर माल घ्यावा, कप काठोकाठ भरू नये. प्रथम दीड ते दोन मिनिटे तापवून कप बाहेर काढावा, भिंतीला चिकटलेला घट्ट थर सोडवून आत मिसळावा, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी २०-३० सेकंदच द्यावेत. गावाकडे संध्याकाळी विजेचा दाब उतरतो तेव्हा हीच मिनिटे पुरत नाहीत. म्हणून घड्याळापेक्षा तापमापकावर भिस्त ठेवावी. चमकी घालायची असेल तर ती पॉलिएस्टरची आणि उष्णता सोसणारी असावी. धातूची चमकी मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या पाडते.

गरम कप ओट्याच्या गार कडप्प्यावर टेकवू नये. काच तडकते, आणि पाव लिटर उकळता माल ओट्यावरून पायावर यायला क्षण लागत नाही. कोरडी लाकडी फळी किंवा घडी घातलेले कोरडे सुती कापड हीच कपाची जागा.

वैल

कप चुलीवरून उतरल्यावर तो कुठे ठेवायचा, यावर आमच्या टेबलावर आम्ही बरेच प्रकार करून पाहिले आहेत. गॅसची उघडी ज्योत या कामाला वर्ज्य आहे. तापलेल्या प्लास्टिसायझरची वाफ पेटू शकते, आणि ज्योतीचा मार एकाच जागी बसून माल बुडाला लागतो. इंडक्शनवर काचेचा कप तापतच नाही. त्यावर लोखंडी तवा ठेवून कप वर ठेवला तर तापतो, पण शेगडीवर दिसणारा तापमानाचा आकडा शेगडीपुरताच असतो, कपातला नसतो.

आम्हाला सर्वांत विश्वासाची वाटलेली रचना अशी: थर्मोस्टॅट असलेली विजेची हॉट प्लेट, तिच्यावर जाड बिडाचा तवा किंवा उभ्या काठाची लोखंडी कढई, आणि तिच्यात दोन-तीन बोटे कोरडी बारीक वाळू. कपाचा तळ या वाळूत रुतवून ठेवावा. भडभुंजा वाळूत चणे भाजतो त्यामागचे कारण हेच आहे. वाळू उष्णता सगळीकडून सारखी देते, एका जागी चटका देत नाही, आणि वीज पाच-दहा मिनिटे गेली तरी धरून ठेवलेली उष्णता एकदम सोडत नाही. वाळू चाळून, आधी चांगली भाजून घ्यावी. समुद्राची वाळू घेऊ नये, कारण तिच्यातले मीठ दमट हवेतला ओलावा ओढते. आमच्याकडे वाळू १८० अंशांच्या आसपास असताना कपातला माल १६५ ते १७० अंशांवर राहतो, पण हॉट प्लेटगणिक आकडा बदलतो. आपल्या प्लेटच्या खुंटीवर खडूने खूण करण्यापूर्वी थोडा माल ठेवून पंधरा-वीस मिनिटे मोजून पाहावे.

ज्यांच्याकडे जुना ओटीजी, म्हणजे विजेची छोटी भट्टी, पडून आहे त्यांनी तो या कामाला लावावा. फक्त खालची कांडी चालू ठेवून, मधल्या जाळीवर कप ठेवला तर तो उत्तम वैल होतो, आणि इंजेक्टरही, म्हणजे साच्यात माल भरायची पिचकारी, त्यातच गरम राहतो. वरची कांडी चालू राहिली तर मालाचा वरचा थर थेट आचेने पिवळा पडतो. ओटीजीचा थर्मोस्टॅट मागेपुढे झुलतो, म्हणून १७० अंश हवे असतील तर खुंटी तिथे नेऊन निर्धास्त बसू नये. हाही ओटीजी मग स्वयंपाकघरात परत जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

वैलावर धातूचे भांडे वापरायचे असेल तर स्टीलचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे घ्यावे. जस्ताचा मुलामा दिलेले डबे आणि पितळी भांडी टाळावीत, जस्तामुळे पीव्हीसीचे विघटन वाढू शकते. एका वेळी तीन-चार लिटर ओतणाऱ्यांसाठी तळाला नळ आणि आत फिरता दांडा असलेली थर्मोस्टॅटची पातेली मिळतात. घरच्या हौशीला त्याची गरज नाही, आणि आम्ही ती विकत असलो तरी हे स्पष्ट लिहितो.

वैलावर कप असताना दर दोन-तीन मिनिटांनी तो सावकाश ढवळावा. न ढवळता ठेवल्यास वर साय धरते, तळाचा भाग अधिक तापतो, आणि वजनासाठी मीठ घातले असेल तर ते खाली बसून पहिले लूर हलके व शेवटचे जड निघतात. जोरात ढवळले तर हवेचे बुडबुडे शिरतात आणि ते लुराच्या पाठीवर फोडासारखे दिसतात. कपात माल जितका कमी उरेल तितका तो लवकर गारही होतो आणि लवकर करपतोही, म्हणून तळाशी दोन बोटे उरली की आच उतरवावी आणि ओतणे झटपट उरकावे. साच्याच्या गळ्यातले उरलेले तुकडे परत कपात टाकता येतात, पण ते कातरून, एक-एक टाकावेत. मूठभर गार तुकडे एकदम टाकले की सगळा कप पुन्हा दाट होतो.

आम्ही स्वतः एक कप अर्ध्या तासापेक्षा जास्त वैलावर ठेवत नाही. दोन रंगांचा लूर करताना, म्हणजे जिताडा या खाडीतल्या माशासाठी हिरवी पाठ आणि पांढरे पोट अशी शॅड ओतताना, दोन कप एकाच वेळी सारखे गरम असावे लागतात. दुसरा रंग पुरेसा तापलेला नसेल तर तो पहिल्याला धरत नाही, आणि खाडीत पहिल्याच झटक्याला लूर शिवणीवर उकलतो. हे काम वैलाशिवाय होतच नाही. चोणक म्हणा, जिताडा म्हणा, त्याच्या तोंडून अर्धाच लूर परत आलेले बरेच ग्राहक आम्हाला ठाऊक आहेत.

मोजणे

बंदुकीसारखा इन्फ्रारेड तापमापक सोयीचा आहे, पण तो फक्त पृष्ठभाग वाचतो. न ढवळता मोजले तर तो सायीचे तापमान सांगतो आणि आतला माल त्याहून बराच तापलेला असू शकतो. आधी ढवळावे, मग मोजावे. अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत साच्यावर तर त्याचा आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी येतो. शक्य असेल तर मालात बुडवायचा सळईचा तापमापक घ्यावा आणि बुडवण्यापूर्वी तो कोरडा पुसावा.

माल कपात गरम राहून भागत नाही, वाटेतही राहावा लागतो. गार इंजेक्टर भरताक्षणीच माल दाटवतो, म्हणून पहिला भरलेला माल साच्यात न देता कपात परत सोडावा, आणि इंजेक्टर दोन ओतण्यांच्या मधे गरम जागीच ठेवावा. अ‍ॅल्युमिनियमचा साचा हाताला कोमट लागेल इतका आधी तापवून घेतला की पहिल्या लुरावर सुरकुत्या पडत नाहीत. दहा-बारा ओतण्यांनंतर उलटे होते. साचाच इतका तापतो की लूर घट्ट व्हायला वेळ घेतो आणि घाईने उघडल्यास शेपटी लांबते. दोन साचे आलटून-पालटून वापरणे हा त्यावरचा सोपा उपाय.

पाणी, वाफ आणि भाजणे

गरम मालात पाण्याचा एक थेंब पडला तर त्याची तत्काळ वाफ होऊन माल उडतो. कोकणातल्या पावसाळ्यात, जेव्हा हौशी मंडळींना घरी बसून लूर ओतायला सवड मिळते, नेमके तेव्हाच साच्यांना दमटपणा असतो. प्लास्टर ऑफ पॅरिसचे साचे तर दिवसभर सुकवूनही आत ओले राहू शकतात. ते पूर्ण वाळवून, लेप देऊनच वापरावेत. लूर गार करण्याची पाण्याची बादली टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असावी आणि तिच्यात हात घातल्यावर तो पुसल्याशिवाय कपाला लावू नये.

खिडकी उघडी आणि बाहेर हवा फेकणारा पंखा चालू असावा, पण छताचा पंखा बंद ठेवावा, कारण तो कप गार करतो आणि वाफ तोंडावर आणतो. कापडी किंवा कागदी मास्क वायू अडवत नाही, त्यासाठी आम्लवायू आणि सेंद्रिय वाफ यांच्या डबीचा मास्क लागतो. झोंबरा वास आला किंवा धूर दिसला तर मोजत बसू नये. कप हलवता आला तर तो उघड्यावर ठेवावा, वीज बंद करावी आणि खोली सोडावी. माल पेटला तर पाणी ओतू नये, धातूच्या झाकणाने झाकावा. ते झाकण कढईच्या शेजारीच ठेवलेले असावे. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, बंद बूट, चष्मा आणि चामडी हातमोजे घालूनच काम करावे, आणि लहान मुले त्या खोलीत नसावीत.

तापलेले प्लास्टिक त्वचेला चिकटते. ते ओरबाडून काढू नये, त्याबरोबर कातडी निघते. भाजलेला भाग ताबडतोब वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा, हळद किंवा टूथपेस्ट लावू नये, आणि चिकटलेला तुकडा डॉक्टरांनाच काढू द्यावा.

उरलेला माल

१९४९ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात निक क्रीम यांनी पत्नीसह घरच्या स्वयंपाकघरात प्लास्टिकचा किडा तयार केला, तिथून हा धंदा सुरू झाला. स्वयंपाकघराची आणखी एक सवय यात उपयोगी पडते, ती म्हणजे उरले-सुरले जपून ठेवण्याची. कपात उरलेला माल तिथेच गोठू न देता सिलिकॉनच्या उथळ साच्यात वडीसारखा ओतावा, गार झाल्यावर रंगवार वेगळ्या पिशव्यांत भरावा, आणि प्रत्येक पिशवीवर तारीख व तो आजवर किती वेळा तापला तो आकडा लिहावा. दोन वेळा तापलेल्या वड्या पुन्हा वापरताना त्यात थोडा नवा माल आणि आमच्याकडे सुटा मिळणारा स्थिरक घालावा, आणि त्या गडद रंगासाठीच ठेवाव्यात. तक्रार घेऊन येताना पिवळा पडलेला तुकडा आणि ती पिशवी सोबत आणावी. आकडा पाहिल्यावर माल बदलून द्यायचा की वाळूची कढई दाखवायची, हे आम्हाला लगेच ठरवता येते.